पळसाच्या पानावरचं वेटोळं

मार्टा, कुऱ्हाडीचे फोड अजून हातावर आहेत. तू असतीस तर माझं मनगट खेचून "दाखव बे" म्हणाली असतीस आणि त्यावर काहीतरी जळजळीत ओतलं असतंस. मग मी तुझ्या पाठीत एक धपाटा घातला असता आणि तू माझ्या. आता कोणाला घालू? या घरातली बाकीची माणसं मला राग आला की मान खाली घालतात, नाहीतर दार लावून घेतात.

परवा तुझी तेरवी झाली. भरल्या पंगतीत मी काय केलं ते अख्ख्या सोनाळ्याला माहीत आहे. त्यावरून काल दिवसाढवळ्या आपल्या पत्र्यावर दगड पडले. तुलाच तेवढं माहीत नाही, म्हणून लिहायला बसले. पुस्तकी मराठीत लिहिते, कारण वाचायला तू तीच शिकलीस, माझ्याच हाताखाली, अंगणवाडीच्या तक्त्यांवरून. राग आला की आपली बोली येईलच. ती तुला कोणी शिकवली नाही. निंदणाऱ्या बायकांकडून आणि बैल हाकणाऱ्या गड्यांकडून तू ती उचललीस, म्हणून तर मामाजींनासुद्धा "काऊन बे?", म्हणजे "का रे?", म्हणायचीस आणि ते सासरे असून हसायचे.

आधी जे झालं ते सरळ सांगते, कारण गावात कोणी सरळ सांगत नाही. नामदेवनं तुला मारलं. तुझ्या भासऱ्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चुलतभाऊ नामदेव, ज्याचा हरभरा आपल्या शेताला लागून आहे, मधे फक्त एक धुरा, मातीचा बांध. रानडुकरं येतात म्हणून त्यानं हरभऱ्याभोवती उघडी तार बांधली होती. रात्री लाईनवर आकडा टाकायचा आणि तारेत करंट सोडायचा. सगळ्यांना ठाऊक होतं. रात्री त्या धुऱ्यावर कोणी जात नसे आणि दिवसा सगळे बिनधास्त जात. शेतीची लाईट आपल्याकडे एक आठवडा रात्रीची असते, एक आठवडा दिवसाची. ज्या सकाळी पाळी बदलली त्या सकाळी नामदेवनं आकडा काढलाच नाही. रात्रीची लाईट गेली, तार मेली, हा पांघरूण घेऊन झोपला. सकाळी दिवसाची लाईट आली आणि तार पुन्हा जिवंत झाली. तू त्याच वेळेला तिथं होतीस.

पोलीस येईपर्यंत त्यानं आकडा काढला, तार गुंडाळून विहिरीत टाकली. खुंट तेवढे उभे राहिले. पुरुषांनी सांगितलं, वरची लाईन तुटून पडली. बायकांना कोणी विचारलं नाही. आकडा मी पाहिला होता, मार्टा. माझ्या डोळ्यांनी.

आणि मग मामाजींनी ठरवलं की तेरवीला नामदेव आपल्या पंगतीत बसेल. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुला मीच एकदा समजावलं होतं. ज्याच्याकडे बोट आहे तो माणूस तेरवीला येऊन जेवला, घरच्या मोठ्या सुनेनं आपल्या हातानं त्याच्या पत्रावळीवर वाढलं, की गोष्ट मिटली. त्यानंतर ठाणं नाही, कचेरी नाही, चावडीवर एक शब्द नाही. तू तेव्हा म्हणाली होतीस, "हे तं लय सोपं हाये बे. मारा आन् जेवा." मी तुझ्यावर डाफरले होते, आमच्या रीतीला नावं ठेवते म्हणून. मोठी सून मी. वाढणार मी. तेरवीपर्यंत माझ्या डोक्यात तुझं तेच एक वाक्य ठणकत होतं.

पण त्याआधी तुझ्या त्या वेटोळ्याची गोष्ट. त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

तू परदेशातून आलीस बिनफवारणीचा कापूस तपासायला, आणि राहिलीस आमच्या विलासपायी. माझा दीर, सगळ्यात मवाळ माणूस या घरातला, आणि त्यानं आणली काय तर वावटळ! ठेचा खाल्लास, झुणका खाल्लास, कळण्याची भाकर खाल्लीस, कधी तोंड वाकडं केलं नाहीस. मग एक दिवस चुलीपुढं बसून रडायला लागलीस. साधं रडणं नव्हे, दात खाऊन रडणं. मी घाबरले, म्हटलं विलासनं हात उचलला की काय. "नाई," म्हणालीस, "मले ब्रेत्सेल पाह्यजे." आणि चुलीतल्या राखेत बोटानं काढून दाखवलंस. कणकेचा लांब दोर, दोन्ही टोकं एकमेकांवर टाकून चिकटवलेली, जसा एखादा माणूस हाताची घडी घालून हटून बसलेला असावा. वरून तपकिरी, चकचकीत. पोटाशी फाटून पांढरं दिसणारं. जाडं मीठ. आणि आतून मऊ. शाळेत जाताना हातात धरून खायचीस म्हणालीस, थंडीत त्याची ऊब बोटांना लागायची.

मला ते वेटोळं दिसलं, बाकी काही कळलं नाही. एवढंच कळलं की ही बाई आपल्या मुलखापासून इतकी लांब येऊन राहिली आहे आणि तिला एक भाकर हवी आहे. मी लग्न होऊन हिवरा आश्रमाकडून सोनाळ्याला आले तेव्हा मला माहेरच्या चवीची आमटी नुसती आठवली तरी रडू यायचं, आणि ते गाव तर एका एस्टीच्या अंतरावर होतं.

मलकापूरची ती बेकरी आठवते? आपण दोघी गेलो. तू त्याला कागदावर काढून दिलंस. तो म्हणाला, "होऊन जाते मॅडम, पुढच्या बाजाराले या." पुढच्या बाजाराला गेलो तर त्यानं आकार बरोबर जमवला होता, आणि वर गुलाबी साखर आणि टुटीफ्रुटी. आत वेलदोडा! तू एक घास खाल्लास आणि ते वेटोळं सरळ त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर फेकून मारलंस. बिचारा आठवडाभर खपला होता. तो गल्ल्यावरून उडी मारून आला, "फॉरिनची असशीन तं तुह्या घरची," म्हणत तुझा दंड धरला, आणि मग मी त्याची कॉलर धरली. बाईच्या अंगाला हात लावतो म्हणजे काय? ट्रेच्या ट्रे खाली आले. खारी, टोस्ट, नानकटाई, सगळं आपल्या चपलांखाली. बाजार जमला. बाहेर आल्यावर तू हसत सुटलीस आणि मी माझ्याच हाताकडे बघत राहिले. त्याआधी मी आयुष्यात कोणाची कॉलर धरली नव्हती.

विलासनं पुण्याहून पाकीट आणलं ते दुसरं. छोटी छोटी, कडक, खारट वेटोळी, फरसाणासारखी. काय कौतुकानं आणली होती! तू पाकीट फोडलंस, एक तोंडात टाकलंस आणि बाकीची मूठ भरून त्याच्या छातीवर मारलीस. "कडक! हे कडक हाये! मले मऊ पाह्यजे!" तो बिचारा वेचत बसला. मी त्याला म्हटलं, "भाऊजी, बायको केली तं आता भोगा."

आणि मग तो डबा.

तू एकटीच मलकापूरला जाऊन आलीस. मी शेतातून घरी आले तर तू स्वयंपाकघरात. हातात रबरी मोजे, तोंडाला ओढणी, पुढ्यात स्टीलचं पातेलं. त्यात पांढरे खडे टाकत होतीस आणि गार पाण्यातून वाफ निघत होती. चुलीवर काही नाही, जाळ नाही, आणि वाफ! मी डबा उचलून वाचलं. कास्टिक सोडा. साबण करणारे वापरतात तो. तुंबलेल्या नाल्यात ओततात तो.

"हे काय करून राह्यली तू?"

"कणीक बुडवते. मंग खाते. तुमाले सगळ्यायले देते."

आमच्याकडे बाईनं असला डबा घरात आणला की त्याचा अर्थ एकच होतो. माझ्या माहेरी शेजारच्या सुनेला मी ओट्यावर तडफडताना पाहिलं आहे. मी विचारलं नाही, समजून घेतलं नाही. अशी फाडकन तुझ्या मुस्काडात दिली की माझी बोटं झिणझिणली.

आणि तू मला परत मारलंस. त्या ओल्या रबरी मोज्यानं. गालावर.

या घरात लग्न होऊन आल्यापासून मी किती जणांवर ओरडले, किती भांडी आपटली, त्याला गणती नाही. पण मला उलटून कोणी कधी मारलं नव्हतं. पातेलं आडवं झालं. पाणी माझ्या पावलावर, तुझ्या मनगटावर. बाजूला माझी जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात होती, तिच्यावर पडलं तशी ती फसफसली आणि काळी पडली. मी किंचाळले. तू माझे केस धरलेस आणि फरपटत हौदाकडे नेलंस, आणि मला आत लोटून माझा पाय, माझा गाल पाण्याखाली दाबून धरलास. मला वाटलं, ही मला बुडवते. मी तुझ्या खांद्याला कडकडून चावले. तू सोडलं नाहीस. रडत होतीस, तुझ्या भाषेत शिव्या देत होतीस, आणि सोडत नव्हतीस. माझ्या पायाची आग थांबली तेव्हा कुठं मला कळलं की तू मला वाचवत होतीस आणि तुझं स्वतःचं मनगट अजून धुवायचंच राहिलं होतं. मग मी तुझा हात धरून पाण्यात खुपसला. मामाजी दारात उभे राहून म्हणत होते, "अरे, कोनी मांत्रिकाले बलवा रे!"

माझ्या डाव्या पायावर तो डाग आहे. तुझ्या उजव्या मनगटावर होता, कडं घातल्यासारखा.

डबा मामाजींनी गोठ्याच्या आढ्याला टांगला. मी सांगून टाकलं, "मी जित्ती हाये तवरोक तो डबा चुलीपाशी येनार नाई." तू म्हणालीस, त्याशिवाय त्या वेटोळ्याला कातडी येत नाही. मी म्हटलं, "नसो येऊ!" पण पायाला पट्टी बांधून उडदाचे पापड लाटत बसले होते तेव्हा तुझं तोंड पाहवेना. म्हटलं, खारच पाहिजे ना हिला? आमचे पापड काय खाराबिगर होतात? पापडखाराची पुडी तुझ्या अंगावर भिरकावली. "घे. हे खाऊन कोनी मरत नाई." तू बोट लावून चाटलंस. तुझे डोळे असे मोठे झाले! उठलीस आणि माझ्या गालाचा मुका घेतलास, जिथं तुझा मोजा बसला होता नेमका तिथंच. मेले, दुखलं ना.

भट्टी नव्हती. ती मीच सुचवली, हे विसरू नकोस. शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असतो, पुरुष माणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात, त्यांचं झालं की तो सगळा विस्तव वायाच जातो. त्याच्यावर तवा, तव्यावर पळसाची पानं, पानांवर तुझी वेटोळी, वर उपडी परात आणि परातीवर पुन्हा निखारे. पहिली काळी कोळसा झाली. दुसरी खेप कच्ची. तिसऱ्या खेपेला परात उचलली तर आत तपकिरी, फुगलेली, पोटाशी फाटलेली वेटोळी! मी तर नाचायचीच बाकी होते. तू एक उचललंस, फुंकर मारलीस, चावलंस. किती वेळ चावत राहिलीस.

"चांगलं हाये," म्हणालीस.

"मंग?"

"पन ते नाई."

मी चिमटा फेकून मारला. तू वाकलीस, तो बैलगाडीच्या चाकाला लागला.

मग दर हिवाळ्यात तेच. दर रोडग्यांना तेच. कणीक तुझी, खार माझा, विस्तव माझा. मीठ बरोबर? बरोबर. मऊ? मऊ. "मंग काय नाई त्याच्यात, तुह्या बापाची बेकरी?" तू खांदे उडवायचीस. "सगळं हाये. पन ते नाई." एकदा मी कणकेचा अख्खा गोळा तुझ्या डोक्यावर थापला. एकदा तू गरम वेटोळं फेकलंस ते माझ्या कानाला लागलं आणि आठवडाभर कान लाल. बाया म्हणायच्या, या दोघी जावा एक दिवस एकमेकींचा जीव घेतील. त्यांना काय माहीत. तुझ्याशी भांडून मी घरी यायचे तेव्हा मला गाढ झोप लागायची. लहानपणापासून मला सांगत आले की बाईनं राग गिळावा, आणि तुझ्यापुढं तो गिळावा लागत नव्हता. तुला तो पुरत होता, तू तो परत करायचीस आणि मग माझ्या कानाला लोणी लावायचीस. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू माझी टर उडवली असतीस.

त्या सकाळीही रोडगेच होते. दव पडलं होतं. तू पुढं गेलीस पानं तोडायला, मी मागून कणकेची परात डोक्यावर घेऊन. आपल्या धुऱ्यावरचा पळस नामदेवच्या बाजूला झुकला आहे. चांगली रुंद पानं तिकडच्याच फांदीला. तुझ्या चपला ओल्या होत्या.

मी आले तेव्हा तू तारेवर होतीस.

मला त्याच्यापुढचं लिहायचं नाही, पण लिहिते, कारण बाकी कोणी लिहिणार नाही. वाळका बांबू घेऊन मी तुला झोडपलं. झोडपलंच. तुझा हात सुटेना म्हणून तुझ्या हातावर मारलं, पाठीवर मारलं, शिव्या देत मारलं, सूट म्हटलं, सूट ना वं, सूट! सुटलीस तेव्हा काही उरलं नव्हतं. तार मनगटाच्या त्या जुन्या डागावरच रुतली होती. मी मान वर केली आणि आकडा पाहिला, लाईनवर लटकलेला. विलास धावत आला, तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि बसला तो बसलाच. लोक जमले, तुला उचललं. किती तरी वेळानं माझं लक्ष धुऱ्यावर ठेवलेल्या परातीकडे गेलं. कणीक फुगून परातीच्या काठावरून बाहेर आली होती. तू गेलीस तरी ती फुगतच होती. मी त्या कणकेवर बुक्क्या मारल्या, कोपरापर्यंत हात भरेपर्यंत.

नामदेव दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन रडला. "वहिनी, लाईटीची पाळी बदलली. माह्या काय दोष?" तुझे भासरे त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मामाजी म्हणाले, "सुनबाई, गेलेली तं येत नाई. आपलंच रक्त हाये." मी विचारलं, "आन् ते कोनाचं रक्त होतं?" विलास त्या दिवसापासून बोलतच नव्हता.

दहाव्याला नाल्यावर घास ठेवला. भाताच्या बाजूला मी पापडखाराचं एक वेटोळं ठेवलं. आणि तो मेला कावळा! वाट पाहायला लावील, आडून बसेल, म्हणून मी तयारीत होते. तर तो आला झपकन, वेटोळं चोचीत धरलं आणि उडाला. बाया डोळे पुसून म्हणाल्या, "तृप्त झाली वं बाई, काही राह्यलं नाई तिचं."

तृप्त? तू? त्या वेटोळ्यावर? माझं डोकंच फिरलं. इतक्या हिवाळ्यांत एकदा तरी तू मान डोलावलीस का? "ते नाई" म्हणत गेलीस तू! तुझं काही राहिलं नाही म्हणे! मी तशीच उठले, गोठ्यातून कुऱ्हाड घेतली आणि नामदेवच्या हरभऱ्यात गेले. तारेचे खुंट एकेक करून तोडले. त्याचा भाऊ ओरडत आला, मी कुऱ्हाड त्याच्याकडे वळवली, तो गेला. हरभरा तुडवला. शेवटच्या खुंटाला माझ्या हातांतून रक्त यायला लागलं होतं. घरी येताना गोठ्यात थांबले, शिडी लावली आणि आढ्याचा तो डबा खाली काढला.

तेरवीच्या दिवशी सकाळी मी तुझे रबरी मोजे घातले. खिळ्यालाच लटकलेले होते. पाण्यात खडे टाकायचे, खड्यांवर पाणी नाही. जर्मलचं भांडं नाही. तोंड लांब. सगळं पाठ होतं मला. तुझ्याशी भांडता भांडता पाठ झालं होतं. पळसाची पानं मी त्याच धुऱ्यावरून आणली, त्याच फांदीची. मागच्या अंगणात विस्तव केला. मामाजी खेकसले, "तेरवीच्या दिवशी हे कायचं?" मी म्हटलं, "तिच्या जेवनाचं."

परात उचलली. मार्टा, त्यांचा रंगच वेगळा होता. गडद, चकाकत होती. एक घेतलं, फुंकर मारली नाही, तसंच चावलं. वरची कातडी दाताखाली चटकन तुटली, आणि आत मऊ, आणि जिभेच्या कडेला ती किंचित कडवट, खारट चव, जी आपल्या कुठल्याच वेटोळ्याला कधी आली नव्हती.

ते होतं गं. तेच होतं.

मी भिंतीवर थाड थाड डोकं आपटलं. मी चुकले असं मी म्हणणार नाही, तो डबा मी पुन्हा आढ्यालाच टांगीन. पण तू खोटं बोलत नव्हतीस. हट्टीपणा नव्हता तुझा. पापडखाराचं ते नव्हतंच. आणि हे तुला सांगायला जावं तर तू नाहीस, आणि का नाहीस, तर पुढच्या अंगणात पंगत मांडली आहे आणि तो तिच्यात बसला आहे.

टोपली घेऊन मी गेले. वरण, बट्टी, वांग्याची भाजी आधीच वाढून झाली होती. मी माणशी एक तुकडा ठेवत निघाले. सगळे नामदेवकडे बघत होते आणि मग माझ्याकडे. तो मामाजींच्या शेजारी होता, पांढरी टोपी, हात जोडलेले.

"वाढा वहिनी," म्हणाला, हळू आवाजात.

"हे काय हाये, माहीत हाये तुले?"

"परसाद असंन."

"याच्यासाठी मार्टा पानं तोडाले आली होती. तुह्या धुऱ्यावर."

त्यानं हात पुढं केला. तरी केला! मी त्याची पत्रावळ वाढलेल्या वरणासकट उचलली आणि अंगणात भिरकावली. कुत्री धावली. "ऊठ," म्हटलं. "या घरचं अन्न तुले नाई. आकडा म्या पाह्यला हाये. तार कोन्त्या विहिरीत हाये तेबी मले माहीत हाये. ऊठ!" तो उठला तो माझ्या अंगावर, त्याचं कोपर माझ्या ओठावर बसलं. त्याच्या भावानं मागून माझा पदर ओढला. माझ्या हाताला वरणाचं वगराळं लागलं, ते नामदेवच्या खांद्यावर बसलं, मग तोंडावर. पंगत उधळली. मामाजी "सुनबाई! सुनबाई!" ओरडत होते. तुझ्या भासऱ्यांनी माझे दोन्ही दंड मागून आवळले. मी लाथा मारत होते आणि हुंदके देत होते आणि तुझं नाव घेत होते.

तेव्हा विलास उठला. भरल्या पत्रावळीवरून, उष्ट्या हातानं. आमचा मवाळ विलास. त्याच्या मुठीत तो तुकडा होता, अर्धा खाल्लेला. त्यानं आपल्या भावाचे हात माझ्या दंडावरून काढले, एकेक बोट उचकटून काढले. मग जाऊन मोटारसायकल सुरू केली.

"चाला वहिनी," म्हणाला. इतक्या दिवसांत तेवढंच.

ठाण्यातल्या हवालदाराला मी सगळं सांगितलं. आकडा, तार, विहीर, लाईटीची पाळी, वरच्या लाईनचं खोटं. त्यानं दोनदा विचारलं, "बाई, हे घरचं भांडन तं नाई ना?" मी फुटलेला ओठ पुसला आणि म्हटलं, घरचंच आहे, म्हणून तर आले. तो लिहायला लागला. मरणारी तुमची कोण? जाऊ. कुठची? मी म्हटलं, सोनाळ्याची. तिथं कशाला गेली होती? पळसाची पानं तोडायला. पानं कशाला?

काय सांगू त्याला? विलासकडे पाहिलं. त्यानं मूठ उघडली आणि उरलेला तुकडा टेबलावर ठेवला.

"याच्यासाठी," म्हटलं. "खाऊन पाहा."

हवालदारानं आधी वास घेतला. मग तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

"मऊ हाये वो," म्हणाला.

"हाव," म्हटलं. "आता लिहा."